बटणांचा विषय म्हणे!

"बटण निळं असावं की हिरवं, हे शिकवायला विद्यापीठ कशाला पाहिजे?"

ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॲक्शन, म्हणजे एचसीआय, या विषयाचं नाव काढा. नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही स्टाफरूममध्ये हे वाक्य येतंच. बोलणारे बहुधा संगणकशास्त्राचेच सर असतात, आणि त्यावर हशाही ठरलेला. हशा ओसरला की खरी फैर सुरू होते. हे आयआयटीवाल्यांचे चोचले, मुंबई-बंगळुरूला शोभतात. आपल्या लेकरांना आधी कोडिंग येऊ द्या, एआय येऊ द्या. याला नोकरी कुठंय? आणि आपल्याकडचा माणूस मुळात अडाणी. त्याला मोबाइल वापरायला शिकवा, स्क्रीन सुधारून काय उपयोग? एवढ्यानं भागलं नाही तर हुकमाचा एक्का बाहेर निघतो: फॉर्म भरून द्यायला सेतूवाला आहेच की.

हसणाऱ्यांची एक बाजू मला मान्य आहे. हा विषय आपल्याकडे आज जसा शिकवला जातो, तसा तो हसण्याच्याच लायकीचा आहे. मराठवाड्यातली बरीच अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. तिथल्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात एचसीआय तिसऱ्या वर्षाला ऐच्छिक म्हणून आला, आणि त्याच्या जोडीला पर्याय होता न्यूमेरिकल मेथड्सचा. ज्यांना गणित नको त्यांची सोय! पाठ करायचं तेही ठरलेलं: श्नायडरमनचे आठ सुवर्णनियम, नॉर्मनचे कृतीचे सात टप्पे, फिट्सचा १९५४ चा नियम, कार्ड-मोरॅन-न्यूएल यांच्या १९८३ च्या पुस्तकातली मेंदूची ती चौकटी-चौकटींची आकृती. निवडक प्रश्नांची पीडीएफ फिरते, आदल्या रात्री झेरॉक्स निघते, आणि पोरगं फर्स्ट क्लासात सुटतं. पूर्ण सत्रात त्यानं एकाही अनोळखी माणसाला स्क्रीनसमोर बसवून, तोंड मिटून, तो कुठं अडतो हे पाहिलेलं नसतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीत अभियांत्रिकी महाविद्यालय, विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच शिवारात आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात पेशंट न पाहता कुणाला पास करत नाहीत. शेजारी मात्र वापरणारा माणूस न पाहता 'वापरणाऱ्याचा' विषय पास होता येतो.

पण हा दोष शिकवण्याचा झाला, विषयाचा नव्हे. आक्षेप घेणारे नेमकी इथंच गफलत करतात. त्यांनी पाहिलेली आहे ती विषयाची झेरॉक्स.

आता त्या 'अडाणी' माणसाकडे येऊ, कारण सगळ्या आक्षेपांचं मूळ तिथंच आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईनं आधी स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी टाकायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाइलवर गेलेला ओटीपी. कंधार-मुखेडकडचा नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेला. फोन लागला तर लागला, ओटीपी वाचून दाखवला तर दाखवला, आणि तोही काही मिनिटांत शिळा होणारा. हे सगळं पार पडलं की शेवटी एक घोषणा येते. तिचा आशय असा: माझ्या कुटुंबातील सदस्य नियमित किंवा कायम कर्मचारी म्हणून सरकारी खात्यात कार्यरत नाहीत. पुढं दोन पर्याय, होय आणि नाही.

आता हे वाक्य जरा मोठ्यानं वाचा आणि उत्तर द्या. घरात कुणीच सरकारी नोकर नाही. मग दाबायचं काय? नियमानं 'होय', कारण विधान खरं आहे. पण आपल्याकडे एखाद्या बाईला विचारलं, "काय वो मामी, घरात कुणी सरकारी नोकरीला नाही ना?" तर ती म्हणते, "नाही बाप्पा, कुणी नाही." ती 'नाही' म्हणते आणि खरं बोलते. तेच 'नाही' तिनं स्क्रीनवर दाबलं की अर्थ उलटा होतो: विधान खोटं, म्हणजे घरात सरकारी नोकर आहे. ज्यांचा असा चुकीचा पर्याय निवडला गेला त्यांची पुन्हा प्रत्यक्ष पडताळणी करण्याची वेळ आली, आणि ते ओझं पडलं अंगणवाडी सेविकांवर. यात अडाणी कोण? मराठीत शुद्ध, सरळ उत्तर देणारी बाई, की नकारार्थी वाक्यापुढं होय-नाही लावणारा? नकारार्थी विधानापुढं होय-नाही देऊ नये, ही गोष्ट प्रश्नावली तयार करण्याच्या पहिल्या धड्यातली आहे. हा धडा शिकलेलं एखादं पोरगं तिथं असतं आणि देवणीच्या आठवडी बाजारात पाचसहा बायकांपुढं त्यानं ही स्क्रीन आधी धरली असती, तर पहिल्या दुपारीच हे उघडं पडलं असतं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे वेगळी काढली पाहिजे. नवऱ्याचाच आधार का मागायचा, हा स्क्रीनचा प्रश्न नाहीच. तो धोरणाचा आहे. विधवा, परित्यक्ता बायकांच्या बाबतीत तो ढळढळीत समोर आला आणि सरकारला वेगळी वाट काढावी लागली. बटणाचा रंग बदलून तो सुटत नाही, आणि एचसीआयनं सगळं सुटतं असं म्हणणारा भाबडा तरी असतो नाहीतर काहीतरी विकायला आलेला असतो. पण कोणता अडथळा रचनेचा आणि कोणता धोरणाचा, हे वेगळं करून लिहून देता येणं हीच या अभ्यासातली अर्धी विद्या आहे.

चुकीचा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारण्याची ही खोड नवी नाही, आणि ती आपलीच आहे असंही नाही. कॅन्सरवर किरणोपचार देणारं थेरॅक-२५ नावाचं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर मारा बसला, काही दगावले. सॉफ्टवेअरमध्ये दोष होताच, पण यंत्र तंत्रज्ञाला सांगत काय होतं? 'मालफंक्शन ५४'. त्याचा अर्थ पुस्तिकेत धड नव्हता. असले संदेश दिवसातून कितीदा तरी येत, म्हणून पुढं चालू ठेवण्याचं बटण दाबायची सवय हाताला लागलेली. आता आपल्या रेशन दुकानात या. आधारच्या पडताळणीत बोटाचा ठसा जुळला नाही की ३०० हा त्रुटी क्रमांक येतो. कापूस वेचून, भांडी घासून, सिमेंट कालवून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या त्यांना हा तीनशे काय सांगतो? दुकानदार म्हणतो, "थम लागंना आबा, हात पुसून या." आबा हात धोतराला पुसतात, पुन्हा लावतात, पुन्हा तेच. दुसरं बोट चालेल का, ओटीपीनं होईल का, आज धान्य मिळणार की नाही, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. तिकडच्या चुकीनं जीव गेले, इकडे पोत्यातलं धान्य अडतं. तोल वेगळा आहे, मान्य. पण दोन्हीकडे यंत्र स्वतःशीच बोलतंय आणि समोरचा माणूस आपलंच चुकलं असं समजतोय.

उलट बाजू पाहायची असेल तर मतदान यंत्र पाहा. त्या यंत्रावर विश्वास ठेवावा की नाही, यावर आपल्याकडे पारावर रात्र-रात्र वाद होतात; त्यात मला शिरायचं नाही. मी बोलतोय ते फक्त ते वापरण्याविषयी. नाव, चिन्ह, त्यासमोर निळं बटण. दाबलं की शेजारी लाल दिवा, मग लांब बीप. आता व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. अक्षर न येणारी, कधी संगणकाला हात न लावलेली आजी हे यंत्र कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय, एकटीनं, आडोशाला उभी राहून वापरते. सेतूवाला लागत नाही. हे आपोआप घडलं का? या यंत्राची रचना करण्यात मुंबईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या हे प्राध्यापक होते. म्हणजे ज्याला आपण 'आयआयटीवाल्यांचे चोचले' म्हणतो, त्यातून निघालेलं एक बटण किनवटच्या पाड्यावरची म्हातारीही दर निवडणुकीत दाबते. ते निळं असावं की हिरवं, हेही कुणीतरी ठरवलंच असेल. हसणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

याच परंपरेत र. कृ. जोशी बसतात. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं ज्या 'मंगल' फाँटमध्ये मराठी वाचत आलो, तो त्यांचा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 'स्वरचक्र' कीबोर्डही मुंबईच्या त्याच सेंटरमधला: व्यंजनं आपल्या वर्णमालेच्या क्रमानं मांडलेली, व्यंजनावर बोट टेकवलं की भोवती मात्रांचं चक्र उमलतं. ही मंडळी इंग्रजी यंत्राला मराठी झूल घालत बसली नाहीत. मराठी लिहिणारा हात कसा चालतो, तिथून त्यांनी सुरुवात केली.

मग प्रश्न राहतो: हे मुंबईनं करावं, आपण वापरावं, एवढंच का नाही? नांदेड-लातूरनं यात पडायचं कारण काय?

कारण अडचणी इथं आहेत. ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर लागू झाली. आधी पेरा तलाठी नोंदवायचा, आता शेतकऱ्यानं बांधावर जाऊन मोबाइलवर फोटोसकट नोंदवायचा. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण औशाचा शेतकरी म्हणतो, "दीड एकर सोयाबीन हाय." ॲपला आणि सातबाऱ्याला हवं हेक्टर-आर. दीड एकर म्हणजे साठ आर, म्हणजे ०.६०. कुणी १.५ टाकतो, ते झाले पावणेचार एकर. कुणी साठ आर म्हणून ०.०६ टाकतो; ते झाले सहा गुंठे. आणि सोयाबीन एकटं असतंच कुठं? चार-सहा ओळींमागे तुरीची एक ओळ. शेतकरी पीक ओळींत मोजतो, ॲप विचारतं निर्भेळ की मिश्र, आणि मिश्र असेल तर कोणत्या पिकाचं क्षेत्र किती. ओळीचं क्षेत्र काढायला तो बांधावर कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही. जवळ उभ्या पोराला म्हणतो, "टाक काहीतरी, फोटो काढ अन् चल." आणि या 'काहीतरी'वर पुढं विमा, अनुदान आणि राज्याचा पेऱ्याचा हिशोब उभा राहतो. पुढं ॲपच्या नव्या आवृत्त्या आल्या, मदतीला सहाय्यक नेमले गेले. मंडळी काम करत नाहीत असं माझं म्हणणं नाही. पण एकर-गुंठ्यात भरा, हेक्टर मी करून दाखवतो, असं यंत्रानं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या दोन ओळींचं काम आहे. त्या दोन ओळींची गरज ज्याला दिसते, तो माणूस घडवायला चार सत्रं लागतात, आणि तो पवईच्या आयआयटीपेक्षा नांदेडच्या विद्यापीठाच्या पेठ इथल्या लातूर उपकेंद्रात लवकर घडेल. त्याच्या घरीच सोयाबीन आहे.

भाषेचं तर विचारूच नका. देगलूर-बिलोली-धर्माबादला घराघरांत तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, शहरांत उर्दू, तांड्यांवर गोरमाटी, किनवट-माहूरकडे गोंड आणि कोलामांच्या बोली, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी. याकोब निल्सन आणि लँडॉअर यांनी १९९३ मध्ये दाखवलं होतं की थोड्याच लोकांसोबत चाचणी घेतली तरी बहुतेक ढोबळ दोष हाती लागतात. त्यातून 'पाच माणसं पुरे' असा मंत्रच तयार झाला. नांदेड जिल्ह्यात तो मंत्र जसाच्या तसा चालणार नाही. कोणती पाच? देगलूरची की किनवटची? हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सोडवलेला नाही. तो इथं सोडवला तर जगाला उपयोगी पडेल, आणि बाहेरचं शिकून येऊन इथं लावण्याचा उलटा क्रमही थोडा मोडेल.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनी उभं राहिलं; आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. विष्णुपुरीच्या परिसरात संगणकशास्त्र संकुल आहे, भाषा संकुल आहे, सामाजिक शास्त्रं, माध्यमशास्त्र, ललितकला, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. किनवटला आदिवासी संशोधन केंद्र आहे. एचसीआयला नेमकी हीच माणसं एका टेबलाभोवती लागतात: प्रोग्रॅम लिहिणारा, बोली जाणणारा, मुलाखत घेता येणारा, चित्र काढणारा. नसतं ते टेबल. संगणकवाल्यांना वाटतं भाषावाल्यांचं इथं काय काम, आणि भाषावाल्यांना वाटतं हा टेक्निकल विषय, आपल्याला काय झेपणार. सर्वांनी मिळून एक पेपर ठेवायचा तर त्याचा वर्कलोड कुणाच्या नावावर लावायचा यावर बैठक संपते. आपल्या विद्यापीठांत ज्ञानशाखांच्या भिंती तत्त्वज्ञानानं उभ्या राहिलेल्या नाहीत, तासिकांच्या हिशोबानं उभ्या आहेत. असो.

"लॅब लागते, महागडी उपकरणं लागतात," हाही एक रडका आक्षेप. १९८१ ते १९८५ या काळात स्वीडनमध्ये 'युटोपिया' नावाचा एक प्रकल्प झाला. वृत्तपत्रांच्या छापखान्यांत संगणक येऊ घातले होते, आणि कामगार संघटनांचं म्हणणं होतं की आमच्या हातातलं साधन कसं असावं हे आम्हालाही ठरवू द्या. संशोधकांनी पुठ्ठ्याची खोकी घेतली. एका खोक्यावर 'लेसर प्रिंटर' असं लिहिलं, कागदाचे पडदे केले, आणि छापखान्यातली माणसं त्या खोट्या यंत्रांवर आपलं खरं काम करून दाखवू लागली. कुठं हात अडतो, कुठं नजर चुकते, ते तिथंच कळलं. या विषयाची एक मोठी शाखा अशी कामगारांच्या हक्काच्या मागणीतून, रद्दीच्या पुठ्ठ्यावर वाढली आहे. लातूरच्या मोंढ्यात पुठ्ठ्याला तोटा नाही.

मोंढ्यावरून आठवलं. आडत दुकानात हिशोबपट्टी आता संगणकावर निघते. हमाली, तोलाई, उचल, सगळी वजावट एकापाठोपाठ छापलेली. शेतकरी ती पट्टी हातात घेतो आणि थेट शेवटचा आकडा बोटानं शोधतो. मधलं वाचता येत असूनही वाचत नाही, कारण ते वाचण्यासाठी छापलेलंच नसतं. एका विद्यार्थ्यानं एवढी एक पट्टी घेऊन सत्रभर काम करावं: वजावटी कोणत्या क्रमानं, किती मोठ्या अक्षरात आल्या तर विकणाऱ्याला आपले पैसे कुठं गेले ते दिसेल? यात ॲप नाही, एआय नाही, इंटरनेटसुद्धा नाही. प्रबंध मात्र होईल. (आडत्यांना तो आवडणार नाही, हे त्याच्या दर्जाचं पहिलं प्रमाणपत्र.)

आता नोकरी. हा प्रश्न थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनला कुणी विचारत नाही, कम्पायलरलाही नाही. तो फक्त एचसीआयलाच का विचारला जातो, हे मला कळलेलं नाही. आपली पोरं पुण्याला जातात. त्यांतल्या अनेकांना पहिलं काम मिळतं ते टेस्टिंगचं नाहीतर सपोर्टचं, म्हणजे वापरणारा कुठं अडला हे दिवसभर ऐकायचं. वर्गात ज्याची टिंगल केली तेच. शिवाय कोड लिहून द्यायला आता एआय हाताशी आलं. काय लिहायचं आणि कुणासाठी, हे सांगणारा माणूस स्वस्त झालेला नाही.

आणि कायदा बदललाय, तो आपल्या अभ्यास मंडळांच्या कानावर अजून पोचलेला दिसत नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून खटल्यात निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींची तक्रार होती की केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवा म्हणतात. ते ज्यांना शक्यच नाही त्यांनी बँकेत खातं कसं उघडायचं? न्यायालयानं डिजिटल सुविधा मिळणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. ॲप-संकेतस्थळांचं सुगम्यतेच्या दृष्टीनं ठरावीक काळानं ऑडिट करा, चाचणीत दृष्टिहीनांना सामील करून घ्या, हे त्यांत आहे. हे ऑडिट करणार कोण? त्यासाठी माणसं लागणार आहेत, आणि ती तयार करणारा विषय आपण न्यूमेरिकल मेथड्सच्या भीतीपोटी निवडायला ठेवला आहे.

"आता सगळं बोलूनच होणार, स्क्रीन कुठं राहतेय?" असं एआयवाले म्हणतात. केंद्र सरकारची भाषांतर-सेवा 'भाषिणी' जुलै २०२२ मध्ये सुरू झाली, चांगलं काम आहे. पण तिचा मूळ भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर आहे. गोरमाटी त्या अनुसूचीत नाही, गोंडी नाही, कोलामी नाही. मुखेडच्या तांड्यावरच्या बाईनं मग कोणत्या भाषेत बोलायचं? बरं, भाषा समजली असं धरा. बँकेच्या रांगेत, मागं दहा माणसं उभी असताना, ती आपला आधार क्रमांक आणि खात्यातली शिल्लक मोठ्यानं बोलणार? आणि यंत्रानं ठामपणे चुकीचं सांगितलं तर ते चुकीचं आहे हे तिला कशावरून कळावं? हे तिन्ही प्रश्न एआय लिहिणाऱ्याच्या पुस्तकात नाहीत, एचसीआयच्या पुस्तकात आहेत. एआय शिकवा, जरूर शिकवा. पण एआय आलं म्हणून एचसीआय नको म्हणणं म्हणजे गाडी दामटायला लागलो म्हणून ब्रेक काढून ठेवण्यासारखं आहे.

एक आक्षेप लातूरचे लोक स्वतःच घेतात, काहीशा अपराधी सुरात: आमच्याकडे 'लातूर पॅटर्न', नीट-जेईई, पर्यायांवर गोल रंगवण्याची संस्कृती, असले मोकळे विषय इथं रुजणार नाहीत. मला उलट वाटतं. पॅटर्नमध्ये काय करतात? पेपर सोडवतात, कुठं चुकलं ते शोधतात, पुन्हा सोडवतात, पुन्हा तपासतात, आणि कंटाळत नाहीत. एखादी रचना सुधारायची पद्धत हीच आहे. बदलायची आहे ती फक्त एक गोष्ट. पॅटर्नमध्ये चूक नेहमी पोराची असते, पेपरची कधीच नसते. एचसीआयच्या पहिल्या तासाला सांगावं लागतं की पंधरा जणांनी एकाच ठिकाणी चूक केली, तर आता पेपर तपासायला घ्या. ज्या पोरानं सगळं शिक्षण स्वतःच्या चुका मोजत काढलं, त्याला हे ऐकून पहिल्यांदा अविश्वास वाटतो आणि मग त्याचे डोळे चमकतात, असा शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे.

राहिला सेतूवाला. तो आहे म्हणून काही अडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या दुकानासमोर एक दिवस उभं राहावं. मजुरी बुडवून आलेली माणसं, 'सर्व्हर डाउन'चा कागद, आणि टेबलावर वहीत लिहून ठेवलेले गिऱ्हाइकांचे पासवर्ड. त्याला मी दोष देत नाही, लोक स्वतःच म्हणतात, "तुमच्यापाशीच ठेवा दादा, आमच्या ध्यानात राहत नाही." पण ज्या व्यवस्थेत नागरिकाची गुपितं झेरॉक्सच्या दुकानातल्या वहीत राहतात, ती व्यवस्था 'चालते' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

तरीही या लेखातला सर्वांत जाणता माणूस तोच आहे. कोणत्या पोर्टलवर फोटो किती केबीचा लागतो, कोणत्या रकान्यात नावातली मात्रा चुकली की अर्ज बाद होतो, कोणतं बटण दोनदा दाबलं की पैसे दोनदा कटतात, म्हातारी माणसं नेमकी कुठं घाबरतात, हे सगळं त्याला पाठ आहे. पोर्टल बनवणाऱ्यांनी त्याला कधी विचारलं नाही आणि विद्यापीठानं तर नाहीच नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत, कम्युनिटी एंगेजमेंटला आहेत, ऑन जॉब ट्रेनिंगला आहेत. पोरं ते कुठल्यातरी लेटरहेडवर सही आणून भागवतात. त्यांना महिनाभर सेतू केंद्रात, रेशन दुकानात, रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीशी बसवा. हाताची घडी, तोंडावर बोट, समोर वही. परत आल्यावर साठ गुणांचा पेपर घ्यायचाच असेल तर त्या वहीवर घ्या.

शिकवणार कोण, असं विचारतात. नेट-सेट झालेला एचसीआयचा माणूस आणायचा कुठून? युजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट मोकळी केली आहे. पदवीची सक्ती नाही, शोधनिबंधांची नाही. आपल्या कामातला पंधरा वर्षांचा अनुभव पाहिजे. तहसील कचेरीसमोर पंधरा वर्षं काढलेली माणसं नांदेडात आहेत, लातुरात आहेत, उदगीर-देगलूरलाही आहेत. जाहिरात काढा. अर्ज मात्र ऑनलाइन मागवू नका. ते लोक तो बिनचूक भरतील, आणि तुमच्या पोर्टलमध्ये काय काय चुकलंय त्याची यादी सोबत जोडतील.